बिनमिशीचे मास्तर आणि सोमारीचा 'बा'

ज्या शाळेत मुलं बोलत नाहीत, त्या शाळेतल्या मास्तरांकडे सांगण्यासारखं फार साठतं. दिवसभर आम्ही तोंड वाकडंतिकडं करून एकेक अक्षर बोलायचो आणि समोरची चौदा मुलं आमच्या ओठांकडे टक लावून पाहायची. ऐकणारं कोणीच नाही. मग शाळा सुटली की आम्ही तिघं मास्तर ओट्यावर बसायचो आणि दिवसभराचं एकमेकांच्या कानांत ओतायचो. पुढे शाळा सुटली, ओटा सुटला, पण किस्से काही सुटले नाहीत. घरी कोणी पाहुणा आला की मी सुरू होतो. बायको म्हणते, "इतकं धान कोठीत जमा झालं असतं तं बरं झालं असतं."

तर तुम्हीही आता पाहुणेच. बसा.

सालं युद्धाची. गोंदियातल्या एका राइस मिलवाल्यानं आपलं जुनं पत्र्याचं गोदाम मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेसाठी दिलं होतं. शाळा चालवायच्या कावेरीबाई. ही विद्या त्या कलकत्त्याला जाऊन शिकून आल्या होत्या. बुटक्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. "बहिऱ्यांपुढे ओरडून काय मिळणार?" असं म्हणायच्या, आणि आम्हा कानवाल्यांनाही त्याच हळू आवाजात सोलून काढायच्या.

या बाईंनी मास्तर तयार करायचा वर्षाचा वर्ग काढला. आम्ही तीन जण. एक मी, गोपाळ कटरे, बिरसीकडचा, धानाच्या बांधीतून उठून आलेला. दुसरे बिसेन मास्तर, तिरोड्याकडच्या खेड्यात पंधरा वर्षं छडी चालवून आलेले, ओठांवर झुपकेदार मिशी. तिसरे शुक्लाजी, गोंदियातच वाढलेले, बोलणं हिंदी आणि तोंडात कायम पान.

शिकवायची रीत अशी, की बहिऱ्या मुलाला ऐकू येत नाही, पण त्याच्या डोळ्यांना दिसतं आणि हाताला कळतं. मास्तरानं मुलाचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि "बा" म्हणायचं. गळ्याची थरथर मुलाच्या हाताला लागते. मग तोच हात मुलाच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा. ओठ कसे मिटले, कसे उघडले, ते पाहून त्यानं तसंच करायचं. हातवाऱ्यांना मात्र सक्त मनाई. कोणी हात हलवले तर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची शिक्षा. त्या काळी तेच बरोबर मानत, आज कोणी वेगळं सांगेल.

पावसाळ्याच्या तोंडाशी बाईंनी चौदा मुलं आम्हा तिघांत वाटून दिली. माझ्या वाट्याला नवी आलेली सोमारीही आली. आठ वर्षांची, चिचगडच्या जंगलातली, मडावींची. बाप सुकलू तिला बैलगाडीनं आमगावपर्यंत आणि पुढे रेल्वेनं घेऊन आला होता. उंच, सुका माणूस. त्यानं ओट्यावर बसूनच आपली अट सांगितली.

"मंडईपर्यंत ठेवतो. मंडईले मी येईन. तिनं मले 'बा' म्हणलं तं राहू दे इथं. नाही म्हणलं तं घरी नेतो."

"आणि घरी नेऊन?" बाईंनी विचारलं.

"मोह वेचन, शेळ्या राखन. शेळ्याइसंग बोला लागत नाही."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरणारी जत्रा. म्हणजे हातात पाचेक महिने. सुकलू गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "कटरे, तुमची परीक्षा मी घेणार नाही. तो घेईल."

त्याच रात्री मी मंडईपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले, दोनदा.

*

पहिल्याच दिवशी बाईंनी बिसेन मास्तरांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "मिशी काढावी लागेल."

"काऊन?" मास्तरांना वाटलं थट्टा आहे.

"मुलांना तुमचा वरचा ओठ दिसत नाही. तुम्ही 'पा' म्हणालात की 'वा', सगळं त्या झुडपात जातं."

मास्तरांनी तीन दिवस मिशीसाठी झुंज दिली. बाजूला विंचरून पाहिली, मेण लावून वर वळवली. तिसऱ्या दिवशी तर दोन्ही हातांनी मिशी वर धरून धडा दिला. मुलं हुशार. त्यांनीही आपापले वरचे ओठ दोन्ही हातांनी वर धरले आणि "पा" म्हटलं. चौथ्या दिवशी न्हावी बोलावला.

आता आमच्याकडे बाप गेला तरच मिशी उतरवतात. ते मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही, पण बाईंपुढे कोण बोलणार. त्यात त्यांचे वडील महिनाभर लेकीकडे, बालाघाटकडे गेलेले. रविवारी मास्तर गावी गेले. वेशीवर एकानं पाहिलं, जवळ आला आणि काही न बोलता खांद्यावर हात ठेवला. मास्तरांना वाटलं, शहरातून आलो म्हणून माया करून राहिला. दुसऱ्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं. चावडीपाशी पोचेपर्यंत मागे पंधरा माणसं, सगळी गप्प. गावानं ठरवून टाकलं होतं, लेकीकडून खबर आधी गोंदियाला पोचली.

दारात बायकोनं नवऱ्याचा कोरा ओठ पाहिला आणि जो हंबरडा फोडला, तो अर्ध्या गावानं ऐकला. मास्तर "अवो, आयक तं" म्हणताहेत, पण त्यांचं कोण ऐकतो. शेजारणींनी सूर धरला. दोघं जण लाकडं बघायला निघाले. तेवढ्यात लेकीच्या गावची बैलगाडी दारात थांबली. म्हातारा खाली उतरला. त्यानं गर्दी पाहिली, रडणाऱ्या बायका पाहिल्या, पोराचा ओठ पाहिला. चिलमीचा एक झुरका घेतला.

"कवा मेलो मी? मले तं कोणी सांगतलं नाही."

*

शुक्लाजींचं पान ही वेगळीच गोष्ट. बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, वर्गात पान नाही. शुक्लाजींनी मान डोलावली. मान डोलावताना तोंड उघडलं नाही, यावरून आम्ही काय ते समजलो.

पंधरा दिवसांनी बाईंच्या ध्यानात आलं की शुक्लाजींच्या हाताखालची चारही मुलं बोलायच्या आधी हनुवटी वर करतात, छताकडे पाहतात आणि मग "पा" म्हणतात. माझी मुलं सरळ पाहून बोलत, बिसेन मास्तरांचीही. यांचीच चार वर पाहत. बाईंनी छत तपासलं. वर कबुतरं बसतात का, पत्र्यातून ऊन येतं का, सगळं पाहिलं.

शेवटी शुक्लाजींनाच विचारलं. ते हात जोडून म्हणाले, "बाईजी, मेरे बच्चे बोलने से पहले ऊपरवाले को याद करते हैं।"

बाईंनी मुलांना ओठ पाहायला ठेवलेला आरसा त्यांच्यापुढे धरला. "म्हणा 'पा'."

शुक्लाजींनी सवयीनं हनुवटी वर केली, रस गालात सांभाळला, छताकडे पाहिलं आणि "पा" म्हटलं. आरसा लाल झाला.

त्यानंतर ते पान खिडकीत ठेवून वर्गात यायचे. पण त्या चार मुलांची मान खाली आणायला दिवाळी उजाडली.

*

बाईंचं एक तत्त्व होतं. बहिऱ्याला शिकवणाऱ्यानं एक दिवस बहिरं होऊन पाहिलं पाहिजे. म्हणून एका मंगळवारी त्यांनी आमच्या कानांत कापूस कोंबला, वरून मेण लावलं आणि बाजारात पाठवलं. कोणाला काही सांगायचं नाही, ओठ वाचून भाजी आणायची.

गोंदियाच्या बाजारात ओठ वाचायचे म्हणजे आधी कोणती बोली चालली आहे ते ओळखायचं. एक हिंदीत बोलतो, दुसरा पोवारीत, तिसरी छत्तीसगढी. मी वांगी विकणाऱ्या एका म्हातारीपुढे बसलो. ती बोलली. मी तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. ती पुन्हा बोलली, मग मोठ्यानं बोलली असावी, कारण शेजारचे वळून पाहू लागले. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. दात नसलेल्या माणसाचे ओठ कसे वाचायचे, हे बाईंनी शिकवलंच नव्हतं.

म्हातारीनं माझ्या कानाकडे बोट दाखवलं. ऐकू येत नाही, म्हणून मी मान हलवली. झालं. तिचा चेहराच बदलला. तिनं वांगी सोडली, माझा हात धरला आणि मला ओढत बाजाराच्या टोकाला झाडपाला विकणाऱ्या एका वैदूकडे नेलं. दहा-बारा माणसं मागून. मी सुटायला पाहतो, तर दोघांनी खांदे धरले. वैदूनं कान पाहिला, मेण पाहिलं आणि त्याचा आनंद गगनात मावेना. इतका मोठा मळ त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं चिमट्यानं तो काढला, लोकांना दाखवला आणि आत कढत तेल सोडलं.

मी किंचाळलो, "अरे, मी बहिरा नाही! मास्तर आहे!"

एवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. म्हातारी शेजारणीला म्हणत होती, "पाय वो, आयकू आलं तं डोकसं गेलं बिचाऱ्याचं."

शाळेत परत आलो तेव्हा बाईंनी माझा लाल कान पाहिला. "भाजी?" एवढंच विचारलं. मी काखेतली पिशवी पुढे केली. म्हातारीनं बोहनीची चार वांगी माझ्या हातात कोंबली होती, आशीर्वाद म्हणून.

*

आता माझ्या सोमारीकडे येतो. दोन महिने झाले तरी तिच्या तोंडातून आवाज नाही. गळ्यावर हात ठेवला की तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती हसत सुटायची. नुसतं हसणंही बाईंना चाललं. "आवाज आहे म्हणजे शब्द आज ना उद्या येईल," असं त्या म्हणायच्या. माझं मन मात्र दिवस मोजत होतं.

थरथर ओळखायचा एक खेळ आम्ही घ्यायचो. मुलांनी गोदामाच्या पत्र्याला तळहात लावून डोळे मिटून उभं राहायचं. रांगेच्या टोकाला पत्र्याजवळ उभं राहून मी ढोलावर थाप मारायची. हाताला कळलं की हात वर करायचा. त्या दिवशी मी ढोल हातात घेऊन उभा, थाप मारायच्या आधीच सोमारीनं हात वर केला. मी म्हटलं, चूक. तिला हात खाली करायला लावला. पुन्हा वर. मी तिला डोळे उघडायला लावले आणि वटारून पाहिलं. तिसऱ्यांदा वर केला तेव्हा मी तिला रांगेतून बाहेर काढलं आणि मांडीखाली हात दाबून बसवलं. ती माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होती, ज्या नजरेनं मी लहान मुलांकडे पाहायचो.

तोच बिरसीच्या धावपट्टीवर उतरणारं पलटणीचं विमान पत्र्यावरून असं घरघरत गेलं की ढोल माझ्या हातातून पडला. आधी चौदा मुलांना कळलं असेल, पण हात तेवढा तिनं वर केला होता. मला, कान असलेल्याला, सगळ्यात शेवटी.

बिसेन मास्तर दारातून म्हणाले, "गोपाळ, आता तू बस मांडीखाली हात घालून."

मी बसलो. खरंच बसलो. सोमारी हसून हसून लोळली.

*

हातवाऱ्यांना मनाई होती म्हणून मुलं हातवारे करत नव्हती असं कोण म्हणेल? बाकाखाली त्यांची मोठी कचेरी चालायची. प्रत्येक मास्तराला त्यांनी नाव ठेवलं होतं. बिसेन मास्तर म्हणजे मिशीला पीळ, मिशी गेल्यावरही. शुक्लाजी म्हणजे फुगलेला गाल आणि वर हनुवटी. बाई म्हणजे मांडीखाली हात.

माझं नाव काय, ते मला बरेच दिवस कळेना. एकदा खिडकीआडून पाहिलं. सोमारी दुसऱ्या मुलीला काहीतरी सांगत होती आणि मध्ये मध्ये दोन्ही हातांनी आपलाच गळा दाबून डोळे पांढरे करत होती. मला वाटलं, पोरीला काही होतंय. धावत आत गेलो. दोघींनी मला पाहिलं, आणि दोघींनी एकदमच गळा दाबून डोळे पांढरे केले.

*

दसऱ्याच्या आसपास सोमारीच्या तोंडून "बा" फुटला. मी इतका नाचलो की धोतर सुटायला आलं. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात शिरलेल्या शेळीला "बा" म्हटलं. मग पाण्याच्या माठाला, मग शुक्लाजींना, मग गोदामाच्या दाराला. तोंडाचा आकार मी शिकवला होता, पण तो कोणासाठी आहे हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. बाई म्हणाल्या, "अर्धं काम झालं." मंडई महिन्यावर आली होती आणि माझ्याकडे अर्धंच काम.

त्याच आठवड्यात सरकारी इन्स्पेक्टर साहेब शाळा पाहायला आले. न सांगता. बाई पोस्टात गेलेल्या. आणि वर्गात आम्ही तिघं 'प' आणि 'फ' यांतला फरक दाखवत होतो. 'प'ला वारा थोडा, 'फ'ला जास्त. एरवी हे मेणबत्तीच्या ज्योतीपुढे करायचं, पण युद्धामुळे मेणबत्त्या मिळेनात. गोंदियात एका गोष्टीची मात्र टंचाई कधीच नव्हती, ती म्हणजे बिडी. शुक्लाजींनी डोकं चालवलं. बिडी पेटवून तोंडापुढे धरायची, 'प' म्हटलं की धूर हलतो, 'फ' म्हटलं की पळतो.

तर साहेब दारात उभे. समोर तीन मास्तर, तिघांच्या हातात पेटलेल्या बिड्या, पुढे चौदा मुलं मांडी घालून धूर मन लावून पाहताहेत.

"हे काय चाललं आहे?"

बिसेन मास्तर उठून उभे राहिले. "साहेब, 'प'."

"रोज?"

"नाही साहेब. काल 'त' होता, त्याले बिडी लागत नाही."

साहेबांचा चेहरा कसा झाला ते काय सांगू. आणि त्याच वेळी सोमारी उठली. सरळ साहेबांपुढे गेली, त्यांच्या कोटाचं टोक धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वच्छ म्हणाली, "बा."

साहेब कानापर्यंत लाल. शुक्लाजी सावरायला पुढे झाले. "साहब, घबराइए मत। ये बकरी को भी यही कहती है।"

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते बाईंनी आम्हाला कधी वाचून दाखवलं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी त्या ओट्यावर एकट्याच बसून हसत होत्या, हे मी पाहिलं.

*

मंडईला पंधरा दिवस उरले. बाप म्हणजे कोण, हे सोमारीला कसं दाखवायचं? तिच्या बापाचा फोटो कुठून आणणार. बिसेन मास्तरांनी तोडगा काढला. चिचगडचं तिचं घरच इथं उभं करायचं. मी सुकलू व्हायचं. डोक्याला पंचा गुंडाळला, धोतर गुडघ्यावर खोचलं, खांद्यावर सरपण फोडायची कुऱ्हाड. शुक्लाजी तिची आई झाले. त्यांनी बाईंचं वाळत घातलेलं लुगडं डोक्यावरून घेतलं. आणि बैलगाडीसाठी बैल पाहिजे, म्हणून बिसेन मास्तर स्वतः गुडघ्यांवर बसले. पंधरा वर्षं छडी चालवलेला माणूस, गळ्यात घंटी बांधून.

पहिला प्रवेश: बाप जंगलातून येतो. मी कुऱ्हाड घेऊन दारातून आलो. शुक्लाजींनी पदर सावरला. बैलानं मान हलवून घंटी वाजवली. सोमारी आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती. मी तिचा हात गळ्यावर ठेवला, छातीवर बोट ठेवून दाखवलं, मी, मी. म्हण.

तिनं खूप विचार केला. मग ती गेली आणि बिसेन मास्तरांच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "बा."

मास्तर चार पायांवरूनच माझ्याकडे पाहून म्हणाले, "गोपाळ, माह्यात कोणता बाप दिसला रे हिले?"

मागे बाई उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. त्यांनी बैल पाहिला, कुऱ्हाड पाहिली, शुक्लाजींच्या डोक्यावरचं आपलं लुगडं पाहिलं. म्हणाल्या, "चालू द्या. कलकत्त्याला एवढं शिकवत नाहीत."

त्यांच्या बोलण्यावर आम्ही हसलो, पण रात्री मला झोप लागली नाही. शेळी झाली, माठ झाला, साहेब झाले, बैलही झाला. एका सुकलूसाठीच तो शब्द होता आणि त्याला सोडून साऱ्या गोंदियाला मिळाला होता.

*

मंडईच्या आदल्या दिवशी सुकलू आला. धुतलेलं धोतर, नवं पागोटं, बाईंसाठी पानात बांधलेली चारोळी. दुपारच्या रेल्वेनं परत जायचं म्हणाला. सोमारी धावत गेली आणि त्याच्या पायांना बिलगली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ओट्यावर सगळे जमले. बाई खुर्चीवर. शुक्लाजींच्या तोंडात त्या दिवशी पान नव्हतं, यावरून काय ते समजा. बिसेन मास्तर नसलेल्या मिशीवरून बोट फिरवत उभे. खिडकीत तेरा तोंडं. मी सोमारीला बापासमोर बसवलं, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "बा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तोंड घट्ट मिटलेलं.

पुन्हा. पुन्हा. तिचा हात तिच्या गळ्यावर ठेवला, बापाकडे बोट दाखवलं, माझ्या तोंडाचा आकार चार वेळा करून दाखवला. काही नाही. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. एकदा वाटलं शेळी आणावी आणि शेळीला का होईना म्हण म्हणावं. खरं सांगतो, मला रडू यायला लागलं.

सुकलू रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "राहू द्या मास्तर. तुमी मेहनत केली." उठला, तिचं गाठोडं काखेत घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिच्यापुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "बा. म्हण ना, माय. बा."

आता सुकलूची बोलायची तऱ्हा अशी की गालात तंबाखू, आणि शब्द दातांच्या आतूनच निघायचा. ओठ हलायचेच नाहीत. सोमारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. निरखून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी आली. तिनं नकारार्थी मान हलवली.

मग तिनं त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं. गाठोडं काखेतून काढून बाजूला ठेवलं. बोट घालून त्याच्या गालातली तंबाखू काढली आणि अंगणात टाकली. तो एवढा मोठा माणूस, गप्प बसून राहिला. तिनं त्याचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवला, ओठ मिटले, उघडले आणि म्हणाली, "बा."

शुक्लाजींनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

सुकलू म्हणाला, "बा."

तिनं मान हलवली. चूक. त्याची हनुवटी धरली, दोन बोटांनी त्याचे ओठ मिटवले आणि सोडले. "बा."

"बा," सुकलू म्हणाला.

पुन्हा चूक. आता तिनं त्याच्या गुडघ्यावर एक चापटी मारली, आपलं तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या कपाळावर घाम आला होता. सातवी खेप झाली, आठवी झाली. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सुकलूभाऊ, तुमच्या रेल्वेची वेळ झाली."

त्यानं मान वळवली नाही. डोळे लेकीच्या ओठांवरून काढले नाहीत.

"जाऊ द्या रेल. माहं अजून झालं नाही."